तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे

३ जून, मंगळवार. पहाटे.

झोप नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. पाणी प्यायला उठले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, तेही हळू. एरवी त्यांचं बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू जातं. पलीकडे नणंदबाई होत्या. सासूबाई म्हणत होत्या, आई मुकी म्हणून पोरही मुकी राहिली. तुझ्याकडेच सुधारेल. तुला मूल नाही, तिला अक्कल नाही, दोघींचंही भागेल.

पोर म्हणजे माझी भिंगरी. तीन वर्षांची झाली, अजून बोलत नाही. बोट दाखवते, पदर ओढते, हसते. एका जागी थांबत नाही म्हणून भिंगरी. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत, घरात तिच्याशी भरपूर बोला. आता आमच्या घरात बोलायला सासूबाई एकट्या पुरतात, दुसऱ्याची पाळी येते कुठे? आणि हे गॅरेजमधून घरी आले की इंजिन बंद करावं तसे बंद होतात.

मी घाबरले नाही. फक्त पाणी न पिताच परत आले.

ठरवलं. बोलायला शिकायचं. सातवीतून शाळा सुटली म्हणून काय झालं? मी जिथं झाडलोट करते तो क्लास बोलायचाच आहे. तिथले सर पोरांना सांगतात, रोज चार ओळी लिहा, विचार सरळ होतात. कपाटामागे कुणाची तरी वही पडली होती, ती घेतली. हे फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या कुणी वाचायचं नाही.

४ जून

पहिल्याच दिवशी नशीब उघडलं!

आमच्या क्लासात कॉलेजची पोरं येतात. नोकरीच्या इंटरव्ह्यूची तयारी. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, पडद्यावर चित्रं दाखवत कसं बोलायचं. आणि ग्रुप डिस्कशन. म्हणजे आठ जण गोल टेबलाभोवती बसतात आणि एका विषयावर बोलतात. भांडल्यासारखं, पण भांडायचं नाही. सरांच्या हाताशी दाबायची बेल असते. बेल वाजली की गप्प. मग सर मार्क देतात.

आज एक पोरगा आला नाही. सर म्हणाले, खुर्ची रिकामी नको, मावशी, तुम्ही बसा. मी मावशी नाही, त्या पोरांहून चार-पाच वर्षांनी मोठी असेन. पण हातात फडकं असलं की माणसाची मावशी होते.

विषय होता मोबाईल चांगला की वाईट. मी म्हणाले, चांगला, माझी मुलगी व्हिडिओ लावल्याशिवाय घास गिळत नाही. सगळे इतके हसले! चष्मेवाला पोरगा तर डोळे पुसत होता. इतकं आवडलं त्यांना. सर म्हणाले, मावशी, रोज बसत जा, तुम्ही फार उपयोगी आहात.

उपयोगी. लग्नाला पाच वर्षं झाली, घरात हा शब्द मला कुणी वापरलेला नाही.

६ जून

महत्त्वाचा धडा. समोरचा कितीही चुकीचं बोलला तरी तोंडावर नाही म्हणायचं नाही. आधी म्हणायचं, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मग श्वास घ्यायचा. मग म्हणायचं, पण. आणि मग आपलं काय ते. असं केलं की समोरच्याला राग येत नाही आणि आपलं काम होतं.

माझी पाळी आली. म्हणाले, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. श्वास घेतला. बेल वाजली. दुसऱ्यांदा पण तसंच. तिसऱ्यांदा बेल श्वासातच वाजली. मी रजिस्टरवर नाही ना, म्हणून मला वेळ कमी. सर म्हणाले, मावशी, तुमचं इथपर्यंत छान आहे, पुढं जाऊ नका.

म्हणजे अवघड भाग जमला. राहिलं नुसतं पण. ते काय, कुणालाही म्हणता येतं.

८ जून, रविवार

दादाचा फोन. माझा भाऊ, सुतार आहे, दुसऱ्या गावात असतो. दिवसभर मशीनच्या आवाजात काम करून ओरडूनच बोलायची सवय. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्याला नणंदबाईंचं सांगितलं. ओरडला, पोर काय भांडं आहे का, शेजारणीला द्यायला? येऊ का आत्ता? एकेकाला उभा करतो!

मी म्हणाले, मुळीच येऊ नकोस. भिंगरी झाली तेव्हा सासूबाईंनी मुलगी म्हणून तोंड पाडलं होतं, तर दादानं दार असं आपटलं की बिजागरी निखळली. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच बसवून दिली. सर म्हणतात, ग्रुपमध्ये असा एक आरडाओरडा करणारा असला की त्याला शून्य मार्क, आणि बाकीच्यांचंही नुकसान. दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, कसला ग्रुप? मी म्हणाले, तुला नाही कळायचं.

मग म्हणाला, बरं, तू बोलव, मी येतो. तेवढं मात्र हळू म्हणाला.

बोलवायची वेळच येणार नाही.

१० जून

प्रॅक्टिस. रोज संध्याकाळी भिंगरीला पलंगावर बसवते आणि समोर उभी राहते. पाय जोडून, खांदे मागे. गुड इव्हिनिंग एव्हरीवन. थँक यू फॉर धिस चान्स. मग तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघत बसते. चक्क एका जागी बसते! मग टाळ्या वाजवते. मी वाकून नमस्कार करते.

सासूबाई दारातून बघून गेल्या. म्हणाल्या, होती नव्हती ती अक्कलही गेली.

त्यांना भीती वाटायला लागली आहे माझी.

१२ जून

आज अंगावर काटा आला. नवीन बॅच बसली होती. फळा पुसायला आत गेले तर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर मी! त्या दिवशी सरांनी मोबाईलमध्ये घेतलं होतं ते. तोंड उघडं, डोळे खाली, एक हात पदरात. तसंच थांबवून ठेवलं होतं. सर काठीनं माझे डोळे दाखवत होते, मग हात, मग खांदे. सगळी बॅच वहीत उतरवून घेत होती. माझ्याकडे बघून उतरवून घेत होती!

फळ्यावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, टाळायच्या गोष्टी. ते आधीच्या तासाचं राहिलं असणार. मी पुसून टाकलं. सर म्हणाले, अहो मावशी, ते राहू द्या. पण तोवर पुसलं होतं.

घरी ह्यांना सांगितलं, मी क्लासच्या टीव्हीवर येते. हे म्हणाले, बरं.

१५ जून, रविवार

नणंदबाई आणि त्यांचे मिस्टर आले. भिंगरीला बाहुली आणली. पोट दाबलं की बोलते. नणंदबाई म्हणाल्या, बघ गं, बाहुलीसुद्धा बोलते. सासूबाई हसल्या. मी पण हसले. भिंगरीनं बाहुलीचं पोट दाबून दाबून अर्ध्या तासात बंद पाडली. शाब्बास.

मिस्टर कुठल्याशा कंपनीत साहेब आहेत. पाय न हलवता बसतात. म्हणाले, वहिनी, पुढच्या रविवारी सगळे बसू, मुलीच्या भवितव्याचा विषय आहे, प्रत्येकाचं मत घेऊ, शांतपणे ठरवू.

मी उठून सगळ्यांना परत चहा टाकला. आनंदानं. प्रत्येकाचं मत! शांतपणे! म्हणजे ग्रुप डिस्कशनच की. माझ्या घरात, माझ्या विषयावर. आणि त्या टेबलाशी क्लास केलेली मी एकटी. बाकी सगळे कच्चे.

१७ जून

सरांना विचारलं, जिंकायचं तर सगळ्यात महत्त्वाचं काय? सर मोबाईल बघत होते. म्हणाले, शेवट. जो शेवटी सगळ्यांचे मुद्दे एकत्र करून निष्कर्ष सांगतो, लोकांना तोच लक्षात राहतो. मी विचारलं, त्यात आपलं मत सांगायचं? सर म्हणाले, छे, निष्कर्षात आपलं मत घुसवलं की मार्क कापतात. आपलं मत आधी सांगून झालेलं असतं.

लिहून ठेवते: आधी आपलं मत. पण लावून. मग मधे कुणाला तोडायचं नाही. मग निष्कर्ष. निष्कर्ष मीच करणार, कुणाला करू देणार नाही.

रात्री ह्यांना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं? हे म्हणाले, बघू. बघू म्हणजे माझ्याच बाजूनं. विरोधात असते तर काहीतरी बोलले असते.

२० जून

दादाचा फोन. कुठून तरी वास लागला त्याला. म्हणाला, रविवारी बसताय म्हणे सगळे, मी सकाळच्या गाडीनं निघतो. मी म्हणाले, बैठक रद्द झाली. म्हणाला, नक्की? म्हणाले, नक्की. म्हणाला, तुझा आवाज असा का येतोय? म्हणाले, आवाज असाच ठेवायचा असतो, पोटातून.

खोटं बोलले असं नाही. ग्रुप वाचवला.

जेवण गेलं नाही. एक्साइटमेंट आहे.

२२ जून, रविवार. संध्याकाळ.

जिंकले!

नीट क्रमानं लिहिते. पाचही जण जेवणाच्या टेबलाशी बसलो. मिस्टरांनी मोबाईल मधे ठेवला, म्हणाले, रेकॉर्ड करतो, पुढं गैरसमज नको. अगदी सरांसारखं. मला लगेच बरं वाटलं.

सुरुवात मीच केली. सुरुवात करणाऱ्याला जास्त मार्क. उभी राहिले, गुड इव्हिनिंग एव्हरीवन म्हणाले. नणंदबाईंनी मिस्टरांना कोपरानं ढोसलं. पहिल्या वाक्यातच दबल्या.

मग सासूबाई. म्हणाल्या, तीन वर्षांची घोडी, आई म्हणत नाही अजून. आईच सातवीपर्यंतची, तिच्याकडून पोर काय शिकणार, फरशी पुसायला? मी डोळ्यात डोळे घालून म्हणाले, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. श्वास घेतला. तेवढ्यात नणंदबाई बोलायला लागल्या. मधे तोडायचं नसतं. थांबले.

नणंदबाई रडल्या. म्हणाल्या, माझ्या घरी तिला वेगळी खोली असेल, बोलायला शिकवणाऱ्या बाई असतील, मी दिवसभर घरी आहे, हिच्यासारखी पोर टाकून दुसऱ्याचे फळे पुसत नाही. म्हणाले, ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. श्वास घेतला. मिस्टरांनी सुरू केलं.

म्हणाले, आमची बदली झाली आहे, खूप लांब, शनिवारी सकाळी गाडीत सामान भरून निघतोय, म्हणून निर्णय आज हवा. हे मला माहीत नव्हतं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. खांदे मागे. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. श्वास जरा जास्त लांबला. तोवर त्यांनी ह्यांना विचारलं, साहेब, तुमचं काय? हे टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाले, सगळे म्हणतील तसं.

आता कुणीतरी निष्कर्ष करणार! मिस्टरांनी तोंड उघडलंच होतं. मी हात वर केला. म्हणाले, निष्कर्ष मी सांगते. सगळे गप्प झाले. माझ्यासाठी. त्या घरात पहिल्यांदा.

आणि काय सांगितला! अडखळले नाही, पदर धरला नाही. म्हणाले, आईंचा मुद्दा शिक्षणाचा, ताईंचा मुद्दा वेळेचा, भावजींचा मुद्दा शनिवारचा. सगळ्यांचे मुद्दे एकत्र केले तर सगळ्यांचं मत असं दिसतं की भिंगरीनं आत्याकडे जावं. थँक यू. आपलं मत एका शब्दानं घुसवलं नाही.

मिस्टरांनी मोबाईल बंद केला. म्हणाले, वा वहिनी, किती समजूतदार! सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

खोलीत आल्यावर हे माझ्याकडे बघत बसले. म्हणाले, मला वाटलं तू नाही म्हणशील. तू नाही म्हणाली असतीस तर मी पण. आणि वाक्य तिथंच सोडलं. ह्यांचं टायमिंग फार कच्चं आहे. सरांकडे बसवायला हवं.

माझं मत मी उद्या सांगणार आहे. आता माझं ऐकतील.

२३ जून

सकाळीच आले न्यायला. सासूबाई म्हणाल्या, चार दिवस राहून बघू दे. मला मत सांगायचं होतं, पण बॅग भरायची घाई. फ्रॉक, दुधाचा कप, तिची गोधडी. माझा मोबाईलही दिला बरोबर. व्हिडिओ लावल्याशिवाय ती जेवत नाही, हे मीच तर सगळ्यांना सांगत असते.

दारात नणंदबाईंनी तिला कडेवर घेतलं. भिंगरी जिन्यावर जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघत होती. मग खांदे मागे घेतले आणि म्हणाली, गुडिनिंग एवीवन.

मग परत म्हणाली. गुडिनिंग एवीवन. टाळ्याच पडल्या. नणंदबाई ओरडल्या, बघा, माझ्या कडेवर आली नाही तर बोलायला लागली! सासूबाई म्हणाल्या, हात लागावा लागतो गं माणसाचा.

मी काय म्हणाले ते लिहिते. मी म्हणाले, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ताई.

श्वास घेतला. जिना उतरून गेले.

२४ जून

भिंगरीचा एक मोजा पलंगाखाली सापडला. सासूबाईंना विचारलं, कधी आणायची परत? त्या भांडं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, आणायची म्हणजे? तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर, एवढं इंग्रजी फाडून?

ह्यांच्या मोबाईलवर ते रेकॉर्डिंग आलंय. ऐकलं. आवाज स्वच्छ आहे. अडखळणं नाही. दोनदा ऐकलं, शेवटपर्यंत. पण हा शब्द कुठेच नाही. मी पण म्हणालेच नाही.

ह्यांना म्हणाले, दादाला फोन लावून द्या. हे म्हणाले, नको, तो दार तोडेल. सासूबाईंकडे मागितला. त्यांनी उशीखाली सरकवला आणि उशीवर बसल्या.

तरी घाबरायचं कारण नाही. क्लासमध्ये फोन आहे. पंचवीस पोरं आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. मागायचा फक्त. बोलता येतं आता मला.

२६ जून, गुरुवार

काल क्लासच्या ऑफिसातल्या मॅडमना म्हणाले, एक फोन करू का? म्हणाल्या, हा फोन पर्सनल कामासाठी नाही. मी म्हणाले, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तोंडातून गेलं. मॅडमनी मान डोलावली आणि दार लावून घेतलं.

आज बॅचच्या मधे उभी राहिले. विचारलं नाही, उभीच राहिले. म्हणाले, माझी मुलगी नेली. शनिवारी लांब नेणार. मला भावाला फोन करायचाय, कुणीतरी मोबाईल द्या. बोलताना रडू आलं, नाक वाहायला लागलं.

आधी चष्मेवाला हसला. मग सगळेच. त्यांनी टेबलाशी, टीव्हीवर बघितलंय मला, त्यांना वाटलं आजचा नमुना. सर काठी घेऊन पुढं आले, म्हणाले, बघा, विषयाची ओळख नाही, मुद्द्यांना क्रम नाही, आवाज वर जातोय, नजर खाली. रडून मार्क मिळत नाहीत. मी म्हणाले, सर, हे खरं आहे. सर म्हणाले, आणि हे तर कधीच म्हणायचं नाही.

बेल वाजवली. मी गप्प झाले. आपोआप झाले.

नंतर ऑफिसात बोलावून म्हणाले, मावशी, क्लासमध्ये घरची रडगाणी चालत नाहीत, उद्यापासून दुसरी बाई येईल. आज शेवटचा दिवस. फळा पुसला, टेबल पुसलं. बेल पण पुसली.

दादाच्या गावाला एकटी कधी गेले नाही. सासूबाई परवापासून रस्त्याच्या तोंडाशी उभ्या असतात, सुटल्याबरोबर घेऊन जातात. म्हणून ही वही टेबलावर उघडी ठेवून जाते. संध्याकाळची बॅच येईल. कुणाचा तरी हात लागेल. हा नमुना नाही. हसून झाल्यावर तरी परत वाचा.

जो कोणी हे वाचेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर मागच्या कव्हरवर मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. त्याला सांगा बैठक झाली होती, मी खोटं बोलले. सांगा शनिवारी सकाळी गाडी निघते, त्याच्या आत ये. सांगा तिनं बोलावलंय. फोन उचलला की तो आधी ओरडेल. ओरडू द्या. मधे बेल वाजवू नका.